दोघं पाठीला पाठ लावून बसतात, तरी ते एकत्रच खेळत असतात

जळगावच्या एका आईने विचारलंय. मुलगा सव्वादोन वर्षांचा, एकुलता, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. शेजारचं त्याच्याच वयाचं पोर आलं की दोघं पाठीला पाठ लावून बसतात, आपापलं काहीतरी करतात, आणि मध्येच एखादी गाडी दोघांना हवी झाली की ओढाओढी, किंचाळणं, "माझं, माझं". सासरी यावल तालुक्यात गेले की चुलत भावंडांचा घोळका असतो पण हा आजीच्या मांडीवरून नुसता बघत राहतो. कोणी म्हणतं लाजाळू आहे, कोणी म्हणतं हट्टी, कोणी म्हणतं प्लेग्रुपला टाका म्हणजे सुधरेल. त्यांचं विचारणं असं की अशा खेळण्यातून त्याला काही शिकायला मिळतं का, शेअर करायला कसं शिकवायचं, आणि क्रिएटिव्हिटी वाढावी म्हणून कोणती खेळणी आणायची.

ताई, आधी एक सांगते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. तुम्ही जे लिहिलंय ना, पाठीला पाठ लावून खेळणं, हिसकाहिसकी आणि लांबून बघत बसणं, या वयात एकत्र खेळणं असंच असतं. आपल्याला ते खेळणं वाटत नाही कारण आपल्या डोक्यात एकत्र खेळणं म्हणजे लपाछपी, आंधळी कोशिंबीर, ज्यात कोणावर तरी राज्य असतं आणि नियम असतात. ते यायला अजून दीड-दोन वर्षं आहेत, आणि ते ज्या पायावर उभं राहतं तो पाया आत्ता तुमच्या हॉलमध्ये घातला जातोय, किंचाळण्यासकट.

मी २८ वर्षं लहान पोरांमध्ये काढली, आधी चोपडा तालुक्यात बालवाडीत आणि नंतर अंगणवाडीत सेविका म्हणून. अंगणवाडीत शाळापूर्व शिक्षणाच्या पटावर तीन ते सहा वर्षांची मुलं असतात, तीनच्या खालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो. पण कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतात गेलेली असते, मग मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊनच येते, आणि दीड-दोन वर्षांची पाच-सात पोरं पटावर नाव नसताना रोज हजर. या बिननावाच्या पोरांकडे बघूनच मी सगळ्यात जास्त शिकले.

त्यातला एक मुलगा आठवतो, पावणेदोन वर्षांचा असेल. बहिणीच्या ओढणीचं टोक मुठीत धरून उंबऱ्यावर बसायचा, आत यायचा नाही. आत एक मुलगी होती, त्याच्याहून चार-पाच महिन्यांनी मोठी, ती रोज तेलाचा रिकामा डबा उपडा करून त्यावर लाकडी चमचा बडवायची. हा बघायचा, नुसता बघायचा. मी दोनदा उचलून आत नेलं, दोन्ही वेळा रडून परत उंबऱ्यावर. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी मुलगी आली नव्हती, तिला ताप होता. हा उठला, सरळ डब्यापाशी गेला, मी डबा नीट उभा ठेवला होता तो त्याने उपडा केला, चमचा उचलला आणि उलटा धरला, म्हणजे खोलगट भाग मुठीत आणि दांडी बाहेर, कारण ती मुलगी तसाच धरायची. आणि वाजवला. तीनदा वाजवून झाल्यावर थांबला, डब्याकडे बघितलं, तो आडवा पाडला आणि पायाने ढकलला. डबा गडगडत भिंतीपर्यंत गेला. हे मात्र त्याने कोणाचं बघितलेलं नव्हतं, हे त्याचं स्वतःचं. मुलगी दोन दिवसांनी आली, तिने गडगडणारा डबा बघितला, धावत जाऊन पकडला आणि परत त्याच्याकडे ढकलला. पुढे दोन आठवडे आमच्याकडे दुसरा खेळ नव्हता.

यात सगळं आलंय बघा. सहा दिवस तो "काही करत नव्हता" तेव्हा तो चमचा कसा धरायचा इथपर्यंत सगळं मनात उतरवून घेत होता. मग आधी हुबेहूब नक्कल, मग त्यात स्वतःची भर, मग ती भर दुसऱ्याने उचलून अजून पुढे नेली. मोठ्यांच्या जगात याला आपण क्रिएटिव्हिटी म्हणतो, आणि ती एकट्याच्या डोक्यात नाही तर दोघांच्या मध्ये तयार झाली. मी त्याला दोनदा उचलून नेलं नसतं तरी चाललं असतं, उलट बरंच झालं असतं, कारण माझ्यामुळे त्याचं बघणं तुटत होतं.

अभ्यास करणाऱ्या लोकांनीही हे तपासलंय. हॅना आणि मेल्टझॉफ या दोघांनी १९९३ साली एक काम छापलं, त्यात त्यांनी साधारण सव्वा-दीड वर्षाच्या काही मुलांना खेळण्यांच्या ठराविक कृती शिकवल्या आणि बाकीच्या तेवढ्याच वयाच्या मुलांसमोर त्या करू दिल्या. पाळणाघरात बघितलेली कृती त्या बघणाऱ्या पोरांनी दोन दिवसांनी स्वतःच्या घरी, ते दुसरं मूल समोर नसताना, करून दाखवली. म्हणजे तुमचा मुलगा आजीच्या मांडीवरून बघतो आणि जळगावला परत आल्यावर अचानक काहीतरी नवीनच करायला लागतो की नाही, आठवून बघा. बहुतेक आया म्हणतात हो, गावाहून आलं की पोर वेगळंच वागतं.

आणि पाठीला पाठ लावून खेळण्याचं म्हणाल तर मिल्ड्रेड पार्टेन म्हणून एक बाई होत्या, अमेरिकेत मिनेसोटाला. त्यांनी पाच वर्षांखालच्या मुलांचं मोकळं खेळणं मिनिटामिनिटाला टिपलं आणि १९३२ साली त्याचे प्रकार मांडले: एकट्याने खेळणं, बघत राहणं, शेजारी शेजारी खेळणं, मग देवघेव करत खेळणं आणि शेवटी मिळून खेळणं. पण हे इयत्तांसारखं समजू नका, पहिली झाली की दुसरी असं नसतं. तीन वर्षांचं पोरसुद्धा नवीन ठिकाणी गेलं की आधी बघतं, मग शेजारी बसून तेच करतं, आणि मग हळूच आत शिरतं. शेजारी बसणं ही त्याची दारावरची टकटक आहे. तुमची दोघं पाठीला पाठ लावून बसली असताना एकदा जवळ जमिनीवर बसून दहा मिनिटं बघाच. एकाने गाडी जोरात आपटली की दुसरा आपटतो, एक गुणगुणायला लागला की दुसऱ्याचा हात थांबतो, आणि एक उठून गेला की दुसऱ्याचा खेळ पण मोडतो. पाठ असली तरी कान तिकडेच असतात.

आता "माझं" बद्दल, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त लाज तिथे वाटते, पाहुण्यांसमोर. आपल्याकडे बाळाला काजळाची तीट लावतात. वर्षाच्या बाळाला तीट लावून आरशासमोर धरलं तर ते आरशातल्या बाळाला हात लावायला जातं. पावणेदोन-दोन वर्षांचं पोर मात्र आरशात बघून स्वतःच्या गालाला हात लावतं. नाकाला असाच ठिपका लावून बेउला ॲम्स्टरडॅम यांनी १९७२ साली हेच बघितलं होतं, आणि दीड ते दोन वर्षं या काळात हे कळायला लागतं. म्हणजे "मी" नावाचं कोणीतरी आहे हे त्याला कळून जेमतेम सहा महिने झालेत. मी आहे म्हटल्यावर माझं काय आहे हे ठरवायला नको का? पोर "माझं" म्हणतं, आमच्या पाड्यावरची पोरं "मना शे" म्हणायची, तेव्हा ते स्वार्थी होत नसतं, ते स्वतःची हद्द आखत असतं. माझं म्हणजे काय हे पक्कं झाल्याशिवाय तुझं म्हणजे काय हे कळतच नाही, आणि तुझं कळल्याशिवाय देणं कुठून येणार.

इथे मी स्वतः चूक केलेली आहे म्हणून जीव तोडून सांगते. नवीन होते तेव्हा, एका दोन वर्षांच्या मुलीच्या हातात चिंध्यांचा चेंडू होता, दुसरी मागत होती. मी म्हटलं, शहाणी आहेस ना तू, दे तिला, आणि बोटं सोडवून चेंडू काढून दुसरीला दिला. पहिली रडली नाही, म्हणून मला वाटलं जमलं. दुसऱ्या दिवशी ती आली ती दोन्ही हातात काहीतरी घट्ट धरूनच, एका हातात कपड्याचा चिमटा, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा, आणि दिवसभर तिने ते खाली ठेवले नाहीत. खेळायला हात मोकळे लागतात, तिचे हात मोकळेच नव्हते. आठ दिवस लागले तिला परत काहीतरी खाली ठेवायला. मी तिला द्यायला शिकवलं असं समजत होते, ती शिकली एवढंच की मोठी माणसं हातातलं काढून घेतात.

त्यानंतर मी कधीच कोणाच्या हातातलं काढलं नाही, मारायला उचललेला दगड सोडून. मग काय करायचं तर, एकसारख्या दोन वस्तू ठेवायच्या, हा पहिला उपाय आणि निम्मी भांडणं इथेच मिटतात. दोन सारख्या वाट्या, दोन सारखे डबे, एक लाल एक निळा असं नको, त्या रंगावरून परत युद्ध. दुसरं, जी वस्तू त्याची जीव की प्राण आहे, गोधडी असेल, एखादी विशिष्ट गाडी असेल, ती पाहुणं पोर यायच्या आधी त्याला सांगून कपाटात ठेवायची. "ही तुझी, ही आपण आत ठेवू, बाकीच्यांनी दोघं खेळा." तिसरं, तरी भांडण झालंच तर खाली बसायचं, दोघांच्या उंचीला यायचं, आणि जे दिसतंय तेवढंच बोलायचं. "त्याच्या हातात आहे. तुला पण हवीये. त्याची झाली की तुझी." एवढंच. मग थांबायचं. आणि हे थांबणंच जड जातं, मला पण जड गेलं. पण हातातलं जबरदस्तीने जाणार नाही याची खात्री पटली की बऱ्याचदा दोन-तीन मिनिटांत पोर स्वतःच ती गाडी खाली टाकून दुसरीकडे जातं, आणि वाट बघणाऱ्याला मिळाली की वाट बघितली तर मिळते हे त्याला कळतं. "सॉरी म्हण" वगैरे म्हणायला लावू नका. सव्वादोनच्या पोराला त्या शब्दाचा अर्थ कळत नाही, आई रागावली एवढंच कळतं.

चावणं असेल तर मात्र लगेच हात आडवा घालायचा. चावणं या वयात होतं, बोलता येत नसतं म्हणून होतं, दात येत असतात म्हणून होतं, फार दमलं म्हणून होतं. आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जायचं, पुसायचं, आणि चावणाऱ्यालाच ओला रुमाल आणायला पाठवायचं. तो पळत जाऊन आणतो, विश्वास ठेवा. कारण गंमत अशी की आपली वस्तू देणं जड जातं त्या वयात मदत करणं मात्र अगदी सहज येतं. वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांचा २००६ चा प्रयोग आहे, दीड वर्षाच्या मुलांसमोर मोठ्या माणसाने दोरीवर कपडे घालताना चिमटा पाडला आणि हात पुरत नाही असं केलं, तर मुलांनी न सांगता, बक्षीस नसताना चिमटा उचलून दिला. तुमच्या गॅलरीत उद्या करून बघा. म्हणजे चांगुलपणा त्याच्यात आहेच, तो ज्या दाराने बाहेर येतो ते दार आपण उघडायचं. शेअर कर, शेअर कर असं दिवसातून वीसदा म्हणण्यापेक्षा दोघांना मिळून एक टोपली उचलायला द्या, एकाने एक कान धरायचा, दुसऱ्याने दुसरा. गवारीच्या शेंगा निवडायला बसवा. दोघांनी मिळून काम केलं की "आपलं" हा शब्द न शिकवता येतो.

बोलण्याचा मुद्दा कोणी फारसा सांगत नाही म्हणून सांगते. घरात पोराने नुसतं "पा" म्हटलं की आई पाणी आणून देते. आजी तर "पा" म्हणायच्या आधीच देते. आपण मोठी माणसं पोराचं अर्धं वाक्य स्वतःच पुरं करतो, प्रेमानेच करतो. दुसरं दोन वर्षांचं पोर हे करत नाही. त्याला "पा" कळत नाही, तो तोंडाकडे बघत राहतो. मग तुमच्या पोराला हाताने दाखवावं लागतं, ओढत न्यावं लागतं, वेगळा शब्द काढून बघावा लागतो. कळत नाहीये हे कळणं आणि मग दुसरी युक्ती करणं, ही बोलण्याची खरी तालीम आहे आणि ती बरोबरीच्या पोराशिवाय मिळत नाही. आणि हो, आजी अहिराणी बोलते, शेजारचे हिंदी बोलतात, त्याने गोंधळेल म्हणून गावाकडचं खेळणं कमी करू नका. पाड्यावरची पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली, अंगणवाडीत मराठी आणि एकमेकांत अहिराणी असं बोलायची, तीन वर्षांची होईपर्यंत कोणाशी कोणती भाषा हे बरोबर ओळखायची.

आता खेळणी. तुम्ही विचारलंय कोणती आणू, मी म्हणते आहेत त्यातली निम्मी माळ्यावर टाका. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात २०१८ साली ३६ मुलांवर एक अभ्यास झाला, दीड ते अडीच वर्षांची मुलं, एकदा खोलीत चार खेळणी आणि एकदा सोळा. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याने जास्त वेगवेगळ्या तऱ्हेने खेळली. मला हे वाचून बरं वाटलं कारण आमच्याकडे कधी चारच्या वर काही नसायचंच.

बटण दाबलं की गाणं म्हणणारं खेळणं दोन पोरांत ठेवलं तर एकच खेळ होतो, बटण कोण दाबणार. त्यापेक्षा जी वस्तू स्वतः काहीच करत नाही ती आणा. केळी भरतात ते पुठ्ठ्याचं खोकं तुमच्याकडे रावेर-यावलकडून सहज मिळेल, हवा खेळायला बाजूने भोकं असतात ते. आम्ही एकदा असं खोकं नुसतं मधोमध ठेवलं आणि बाजूला बसलो. दोन-अडीच वर्षांची तिघं होती. पहिली आत जाऊन बसली, एवढंच, बसली. दुसऱ्याने बाहेरून भोकात बोट घातलं. आतलीने ते बोट धरलं. बाहेरचा दचकला, बोट काढलं, भोकात डोळा लावून बघितलं, आतून पण डोळा. मग जे हसणं सुरू झालं ते थांबेचना. बोट घालायचं, पकडायचं, सोडायचं, परत दुसऱ्या भोकातून. आता कुठून येणार हे आतलीला ओळखायचं होतं, आणि बाहेरच्याला ती कुठे बघत नाहीये हे हेरायचं होतं. समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधणं हेच आहे ना, आणि हे शिकवणारा तक्ता कुठल्या दुकानात मिळतो सांगा. तेवढ्यात तिसरा, जो लांब होता, त्याने एक पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडाची, काडी आणून भोकात घातली. बोट जात होतं तिथे काडी जाते हे त्याचं त्याला सुचलं. मग दुसरी काडी, तिसरी, खोक्याला चारी बाजूने काड्या, आणि आतली ओरडली "काटा!", म्हणजे साळींदर का बाभूळ कोण जाणे, पण सगळे "काटा काटा" करत खोक्याभोवती फिरले. दुपारी तेच खोकं भुसावळची रेल्वे झालं होतं. आम्ही मध्ये एकच काम केलं, काडीचं टोक डोळ्याला लागेल म्हणून टोकं मोडून बोथट केली.

मी त्यावेळी "वा, घर केलंत का? हे दार का?" असं काही बोलले असते तर ते घरच झालं असतं. बालवाडीच्या बायकांना आणि सगळ्या आयांना माझं कळकळीचं सांगणं आहे, नाव ठेवायची घाई करू नका. हे काय आहे, कोणता रंग आहे, किती आहेत, ही परीक्षा खेळ मारून टाकते. बोलायचंच असेल तर त्याने केलं तेवढं बोला, "काडी आत गेली", आणि गप्प.

वस्तू म्हणाल तर कोणत्याही घरात आहेत. स्टीलच्या वाट्या आणि पातेली, जुन्या साड्यांचे आणि ओढण्यांचे तुकडे, प्लॅस्टिकच्या बरण्या आणि त्यांची झाकणं, उशा, पाट, केळीची सोपटं, मक्याची कणसं सोललेली, कणकेचा गोळा. पोळ्याच्या आसपास कुंभाराकडून थोडी माती आणली तर दोन पोरं तासभर हलत नाहीत, बैल होत नाही, नुसते गोळे होतात, पण गोळ्याला "हम्मा" म्हणून चारा भरवतात आणि झालं, तो बैलच. एक वस्तू दुसरी आहे असं धरून चालणं, केळं कानाला लावलं की फोन, हे दोन वर्षांच्या आसपास येतं आणि पुढे अक्षर म्हणजे आवाज, आकडा म्हणजे वस्तू हे समजायला हीच ताकद लागते. आणि एकाने केळ्याचा फोन केला की दुसऱ्याने "हॅलो" म्हणावं लागतं, नाहीतर फोन लागत नाही. म्हणून दोघं लागतात.

सांभाळायचं काय ते पण ऐका. चिंचोके, शेंगदाणे, सीताफळाच्या बिया, सरकी, मणी, हे तीन वर्षांखाली नको, घशात नाहीतर नाकात जातं. रिमोटमधला आणि म्युझिकच्या खेळण्यातला गोल चपटा सेल फार वाईट, गिळला तर अन्ननलिका जाळतो, गिळला अशी नुसती शंका आली तरी लगेच दवाखाना. गावाकडे बांधावर एरंड असतो, त्याच्या बिया दिसायला सुंदर, नक्षीदार, पण विषारी आहेत, आणि धोत्रा पण. पाण्याने खेळू द्या, वाटीने ओतू द्या, पण बादली भरलेली आणि तुम्ही फोनवर असं एक मिनिटही नको, वीतभर पाणी पुरतं बुडायला. आणि आपला उन्हाळा, मे मध्ये पारा ४५ च्या घरात जातो, त्यामुळे बाहेरचं खेळणं सकाळी आठ-साडेआठच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, मधल्या वेळात फरशीवर ओलं फडकं आणि दोन पातेली.

प्लेग्रुपबद्दल थोडक्यात, सव्वादोनला तो गरजेचा नाहीये. आठवड्यातून तीन-चारदा एक-दोन पोरं, तासभर, आणि जवळ बसणारं एक निवांत माणूस, एवढं मिळालं तर घर पुरेसं आहे. तुम्हाला नोकरीमुळे ठेवावंच लागणार असेल तर फीचं कार्ड आणि भिंतीवरची कार्टून बघू नका, अर्धा तास आत बसू द्या म्हणा. पोरं खुर्चीत बसलीयत की जमिनीवर फिरतायत, एका बाईकडे किती पोरं, रडणाऱ्याला कोणी उचलतं का, आणि दोन पोरं एकमेकांत रमली असताना बाई त्यांना तोडून कवितेला बसवते का. आत बसू देत नसतील तर तिथून निघा. इतक्या लहानांना लिहायला बसवणारं ठिकाण तर नकोच नको, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते सहाच्या मुलांसाठी सुद्धा खेळातूनच शिकणं सांगितलंय, मग दोनच्या पोराला पेन्सिल कशाला.

गावाकडची भावंडं ही तुमची खरी श्रीमंती आहे ताई. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांना बरोबर घेऊन कोसबाडला काम केलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आदिवासी मुली शाळेत येत नाहीत कारण कडेवर धाकटं असतं. त्यांनी धाकट्याला घरी ठेवून या असं सांगितलं नाही, पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली, आणि मुलं येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मोठी आणि लहान पोरं एकत्र असली की काय होतं ते बघण्यासारखं असतं. सहा वर्षांची बहीण दोन वर्षांच्यासाठी खेळ सोपा करते, तिला कोणी सांगत नाही. "तू चोर नाही, तू मांजर, तू नुसतं म्याव म्हण." त्याला नियम कळत नाहीत पण खेळात जागा मिळते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झाडाला झोका बांधतात तिथे बघा, एकीचा झोका चालू असतो आणि चार जणी मोजत उभ्या असतात, लहानगं मोठीच्या मांडीवर. पाळी म्हणजे काय ते तिथे अंगाने कळतं. भुलाबाईच्या सणात मुली बंद डबा हलवून आत कोणता खाऊ आहे ते ओळखतात, दोन वर्षांच्याला ओळखता येत नाही पण डबा हलवायचा आणि कान लावायचा एवढं तो बरोबर करतो. म्हणून सासरी गेल्यावर "जा ना, खेळ ना" म्हणून ढकलू नका. त्याला मांडीवर बसू द्या, फक्त मांडीच घोळक्याच्या जवळ न्या. आजींना सांगा, ओट्यावर नाही, अंगणात बसा.

मोबाईल या सगळ्याच्या आड येतो ते एकाच कारणाने, तो पोराच्या नकलेला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी तर उत्तम, असं सांगितलंय. दोन पोरं घरात असताना तरी टीव्ही पूर्ण बंद ठेवा, बॅकग्राउंडला सुद्धा नको.

आणि काळजी कधी करायची तेही सांगून ठेवते, कारण "पोरंच आहेत, होईल" म्हणून वेळ घालवलेली घरं मी बघितली आहेत. लांबून बघणं ठीक आहे, पण बघतच नसेल, म्हणजे दुसरं पोर आहे की नाही याने त्याला काहीच फरक पडत नसेल. नाव घेतलं तर वळत नसेल. बोटाने "ते बघ" असं दाखवत नसेल. नक्कल करत नसेल. दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नसेल, किंवा आधी येणारे शब्द गेले असतील. तर आधी कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, तुमच्या भागातल्या सेविकेला तारीख विचारा, पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. लवकर गेलं तर खूप फरक पडतो. तुमच्या लिहिण्यावरून तुमचा मुलगा बघतो, चिडतो, मागतो, ओरडतो, म्हणजे त्याला दुसरं पोर पुरेपूर जाणवतंय.

या रविवारी एवढं करा. शेजारच्याला सकाळी बोलवा, दोघांची झोप आणि खाणं झालेलं असेल अशा वेळी. लाडकी गाडी त्याला सांगून कपाटात. दोन सारखी पातेली, दोन चमचे आणि एक रिकामं खोकं हॉलच्या मधोमध. टीव्ही बंद, फोन आतल्या खोलीत. तुम्ही आणि शेजारीण दोघी जमिनीवर बसा, हातात निवडायला मेथी घ्या म्हणजे तोंड आणि हात दोन्ही आवरतात. पाऊण तास झाला की खेळ रंगात असतानाच उठवा, रडारड सुरू व्हायच्या आधी. दोन-तीन रविवार असेच जाऊ द्या आणि मग मला कळवा, कोणाचा चमचा कोणी कसा धरला ते.